बुडालेल्या रानात रविवार

शनिवारी दुपारी आल्त्ये बटाट्यांची टोपली पुढ्यात घेऊन बसली की जहाजावरच्या पोरांना चेव यायचा.

“मावशी, उद्या सोलले तर बटाटे ओरडतात काय गं?” इंजिनवाला बास दारातून मुंडकं आत घालून विचारायचा.

“बटाटे नाही ओरडत, मी ओरडते. ऐकायचंय?”

“नको बाई! बाहेर वारा आहे तेवढा पुरे आहे.”

ती हसायची आणि सोलत राहायची. आता उर्कच्या, म्हणजे देवभिरू कोळ्यांच्या गावच्या, बाईला हे नवीन शिकवायला नको. रविवारचे बटाटे शनिवारी सोलून पाण्यात टाकायचे, वाटाण्याचं सूप शनिवारी शिजवायचं, रविवारी नुसतं गरम करायचं. रविवारी दोरीवर कपडा दिसता कामा नये, पोराच्या ढुंगणाखाली सायकल दिसता कामा नये. आणि घरात समुद्राचा शब्द निघता कामा नये. जाळं म्हणू नका, वारा म्हणू नका, माशाचा भाव तर नकोच नको. सहा दिवस समुद्र खाणारी, समुद्र पिणारी ही माणसं सातव्या दिवशी जणू डोंगरात जन्मल्यासारखी वागतात. बाराचा ठोका पडून सोमवार लागला की मग मोटारी सुटतात, बंदराला जातात, होड्या निघतात. बाराच्या आत कोणी निघत नाही.

आल्त्येचा युरी निघाला होता.

सगळं दुखणं ते एवढंच. तिचा एकुलता एक पोर, दुसऱ्याच्या होडीवर का होईना पण वयाच्या तिशीच्या आत तांडेल झालेला. दीड वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्या आठवड्याच्या मध्यावर वादळ येणार असं सांगत होते. मासळी तर हवी. म्हणून दोन गडी बरोबर घेऊन रविवारी संध्याकाळीच, चर्चमधल्या दुसऱ्या उपासनेचं शेवटचं गीत संपतं न संपतं तोच, तो बंदराला गेला आणि बाराच्या आत दोर सोडून बाहेर पडला. सोमवारी उजाडायच्या आत, तपकिरी टेकाड म्हणतात त्या समुद्राखालच्या उंचवट्यापाशी होडी उलटली. समुद्र तेव्हा आरशासारखा होता, वादळ अजून दूर होतं. तिघेही गेले. प्रेतं मिळाली, पुरली गेली, होडी तळालाच राहिली. चौकशी झाली, आणि कागदावर आलं की होडी उलटली, कारण समजत नाही.

कागदाला समजलं नाही, गावाला समजलं. देवाच्या काठीला आवाज नसतो, असं म्हणत गावाने त्या होडीचं नाव टाकलं ‘रविवारची होडी’. बेकरीत, मासे कापायच्या शेडमध्ये, चर्चच्या पायरीवर, कुठेही जा. तोंडावर कोणी बोलायचं नाही, पण आल्त्ये आली की बोलणं थांबायचं. ते थांबणं शिव्यांपेक्षा वाईट. युरीबरोबर गेलेल्यांतल्या एकाची बायको नेल, पदरात लहान मुलगी, ती चर्चमध्ये आल्त्येच्याच बाकावर बसायची. दफनानंतरच्या पहिल्या रविवारी नेल आली, बाकाशी थांबली, लेकीचा हात धरला आणि पलीकडच्या रांगेत जाऊन बसली. मागाहून रस्त्यात आल्त्येने तिला गाठलं.

“नेल, अगं माझाही गेलाय गं.”

“तुमचा गेला तो आपल्या मर्जीने,” नेल म्हणाली. “माझ्याला तांडेलाचा हुकूम होता. देवाला तोंड द्यायला तुमच्या पोराने माझा नवरा बरोबर नेला, आल्त्येमावशी.”

आणि घरी यावं तर घरी रीकेल्त. तिचा नवरा, स्वतः जन्मभर तांडेल, आता चर्चच्या वडील मंडळात बसणारा. गावाचं तोंड एक वेळ धरता येत नाही म्हणून सोडून द्यावं, पण नवऱ्याचं? दफनाच्या दिवशी पाळकांच्या देखत तो म्हणाला होता, “परमेश्वराचा दिवस त्याने मोडला. परमेश्वराने त्याला मोडला.” एवढं बोलून त्याने तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. खिडकीत बसायचा. दाराजवळच्या काळ्या खुंटीवर युरीचं पिवळं जाकीट अजून लटकत होतं. ते काढूही द्यायचा नाही आणि त्याच्याकडे बघायचाही नाही.

आल्त्येचं देवाशी भांडण नव्हतं. तिला फक्त खात्री करून हवी होती. होडी कशाने उलटली? समुद्र शांत असताना चांगली धडधाकट होडी उलटते ती तळाला काहीतरी अडकलं तरच. दोन बाजूंना दोन जाळी, एक अडकलं, दुसरं ओढतंय, की होडी कोलमडलीच. हे उर्कच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण अडकायला काहीतरी असावं लागतं, आणि त्या जागी नकाशावर काही म्हणता काही नव्हतं. सपाट तळ. मग गाव म्हणणारच, की सपाट तळावर अडकवणारा हात कोणाचा?

आणि तळाला कुठे काय अडकतं हे तांडेल एकमेकांना सांगतात थोडेच! ज्याला ठेच लागली त्याने ती जागा डोक्यात ठेवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसऱ्याने आपली ठेच आपण खावी, आणि आपली जागा मरताना आपल्या पोराला द्यावी, ही इथली रीत.

म्हणून जेव्हा शेडमध्ये कोणीतरी म्हणालं, की समुद्राखालचं जुनं रान शोधणारं एक जहाज तपकिरी टेकाडावर जाणार आहे आणि त्यांना स्वयंपाकीण पाहिजे, तेव्हा आल्त्येने हातातली मासे कापायची सुरी तिथेच ठेवली.

“म्हातारपणी पोराटोरांना भाकरी थापायला जातेस?” रीकेल्त म्हणाला. त्या महिन्यातलं त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य.

“जाते.”

“रविवारी?”

“रविवारी चुलीला हात लावणार नाही, आणि त्यांच्या कामाकडे डोळा वर करून बघणार नाही. शब्द देते.”

त्याने मान खिडकीकडे वळवली. आल्त्येने पिशवी उचलली.

जहाजावरच्या शोधकामाची मुख्य मिर्ता म्हणून एक बाई होती. पुराणवस्तूंचं शिकलेली, चाळिशीची, केस कायम ओले, स्वभावाने गोड आणि बोलण्यात एक नंबरची उत्साही. दिवसभर जहाज रेघ मारल्यासारखं सरळ पुढे जायचं, सरळ मागे यायचं, आणि पडद्यावर तळाचं चित्र उमटत राहायचं. मिर्ता कॉफी न्यायला आली की हाताने हवेत नद्या काढायची.

“मावशी, इथे नदी होती, ही अशी! इथे किनारा, इथे लव्हाळ्याचं रान, इथे माणसं मासे भाजत असणार. आठ-नऊ हजार वर्षांपूर्वी. मग पाणी चढत चढत आलं. आजोबाने जिथे हरीण मारलं तिथे नातवाने होडी घातली.”

“आमच्या दाराला अटकाव म्हणून हत्तीची दाढ आहे,” आल्त्ये म्हणाली. “जुन्या केसाळ हत्तीची. माझ्या सासऱ्याच्या जाळ्यात आलेली.”

“दाराला!” मिर्ताने कपाळावर हात मारला.

“मग काय डोक्यावर घेऊन नाचू? आमच्याकडे सगळ्यांच्या घरी असतं काहीबाही. बरं, तुमची ती नदी जाऊ दे. माझ्या पोराच्या बुडालेल्या होडीवरून तुम्ही जाणार का?”

हा प्रश्न ती पहिल्या दिवसापासून विचारत होती. मिर्ताला तिने काही लपवून ठेवलं नव्हतं. पोराचं नाव, गावाचं बोलणं, नेलचा बाक, सगळं सांगून झालं होतं. आणि मिर्ताचं उत्तरही तेच. बुडालेल्या होड्यांपासून लांब राहायचा नियम आहे, कॅमेरा अडकला तर तोडून टाकावा लागेल, त्या चौकोनात आपलं कामच नाही.

“मी तुझ्या पाया पडते,” एकदा आल्त्ये म्हणाली. भांडी घासता घासता म्हणाली, आणि ओले हात तसेच पुढे करून खरंच वाकायला लागली.

“अहो मावशी, काय करताय! उठा बघू.” मिर्ता रडवेली झाली. “माझ्या हातात असतं तर…”

“तुझ्याच हातात आहे! तू नऊ हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने काय खाल्लं ते शोधतेस. माझं पोर दीड वर्षापूर्वी कशाने मेलं ते शोधायला तुझा नियम आडवा येतो? त्या तुझ्या माणसांना आया नव्हत्या का गं?”

मग वारा सुटला तो सुटलाच, जहाज नुसतं हिंदकळत पडून राहिलं, काम बुडालं. आल्त्ये सूप ढवळत खिडकीतून टेकाडाच्या दिशेला बघत राहायची. इतक्या जवळ येऊन हात हलवत परत जायचं, ही कल्पना तिला सहन होत नव्हती. अशी परतले तर मी त्या खिडकीसमोर जगणार नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. ती तसं करणारी बाई होती.

त्या शनिवारी बटाटे सोलून झाले आणि मिर्ता येऊन समोर बसली.

“वारा पडतोय. उद्या सकाळी पाणी स्वच्छ असेल. एवढा एकच दिवस आहे, सोमवारी आपण परत. आणि ऐका, काळ्या मातीची जी कड आम्ही गेले काही दिवस शोधतोय, जुन्या दलदलीची कड, ती वाकून थेट होडीपर्यंत गेलीय. मी कप्तानाशी भांडले. बेताने जवळ जाऊन कॅमेरा सोडायचा, असं ठरलंय.”

आल्त्येने टोपली बाजूला सारली.

“पण उद्या रविवार आहे,” मिर्ता हळूच म्हणाली. “आणि तुम्हाला यावं लागेल, मावशी. तळाला जाळ्यांच्या चिंध्या ढीगभर पडलेल्या असतात. त्यातलं त्याचं कुठलं आणि कोणा भलत्याचं कुठलं, हे मला कसं कळणार? तुम्हाला कळेल?”

कळणार म्हणजे काय! जाळ्याचं पोट तळाला घासून फाटू नये म्हणून खालून नायलॉनच्या झिपऱ्या बांधतात, ते काम उर्कच्या बायका घरी बसून करतात. युरीच्या जाळ्याच्या झिपऱ्या तिने स्वतः बांधल्या होत्या, पिवळ्या आणि निळ्या, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी लाल गाठ. लाल गाठ फक्त तीच मारायची. हातच्या काकणाला आरसा कशाला?

पण शब्द दिला होता. रविवारी डोळा वर करून बघणार नाही. नवऱ्याला दिला होता, म्हणजे वरच्यालाच दिल्यासारखा. आणि पोराच्या डोक्यावरचा रविवारचा डाग पुसायला आईने रविवार मोडायचा, हे म्हणजे चिखलाने चिखल धुणं झालं. सगळी रात्र ती बिछान्यावर बसून होती. प्रार्थना करायला गेली तर शब्द येईनात. शेवटी ती एवढंच म्हणाली, “देवा, तू माझा बाप आहेस. मग बापासारखा वाग की एकदा.”

सकाळी तिने काळा पोशाख घातला, चर्चला जायचा. केस विंचरले. आणि पडद्याच्या खोलीत जाऊन मिर्ताच्या खुर्चीमागे उभी राहिली. बासने तिला बघून टोपी काढली.

कॅमेरा खाली गेला. हिरवट, मग राखी, मग तपकिरी. वाळू, वाळू, वाळू. मग एकदम तळ पायरीसारखा तुटला आणि काळीभोर माती दिसली, कुजक्या पानांचे थर लागलेली. मिर्ता पुढे सरकली. दिव्याच्या उजेडात काहीतरी उभं होतं. जाडजूड, काळं, खाली मुळं पसरलेलं.

“झाड!” मिर्ता किंचाळली. “उभं झाड! मुळांसकट! अरे बघा, बघा रे!”

खोलीत एकच कल्लोळ झाला. पोरं टाळ्या पिटायला लागली, कोणीतरी कोणालातरी मिठी मारली. इतक्या वर्षांची त्यांची मेहनत, त्यांना आनंद होणारच, त्यात त्यांची काय चूक? एका बाजूची फांदी खोडापासून पिळून तुटलेली दिसत होती. कॅमेरा हळूच वळसा घालून पलीकडे गेला.

पलीकडच्या बाजूने खोडाला जाळं गुंडाळलेलं होतं. पिवळ्या झिपऱ्या, निळ्या झिपऱ्या, पाण्यात हळूहळू हलत होत्या. ओळीच्या शेवटी लाल गाठ. पुढच्या ओळीच्या शेवटी लाल गाठ. जाळ्यातून निघालेली तार वाळूवरून अंधारात गेली होती, आणि अंधारात होडीचं पोट दिसत होतं.

“माझी आहे,” आल्त्ये म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

“गाठ माझी आहे,” ती पुन्हा म्हणाली. बासने मागून खुर्ची सरकवून तिला बसवलं. मिर्ताने तिचे दोन्ही हात धरले आणि ती लहान मुलीसारखी म्हणत राहिली, “मी ओरडले हो मावशी, मला माफ करा, मी आनंदाने ओरडले.” आल्त्येला ते ऐकूच येत नव्हतं. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. झाड. देवाचा हात नाही, काठी नाही. झाड. माझ्या लेकराचा पाय झाडात अडकला.

जहाज बंदराला लागलं, सामान उतरलं, आणि बुधवारी ती घरी आली. रीकेल्त खिडकीत होता. तिने कोटसुद्धा काढला नाही, समोर उभी राहिली आणि सगळं एका दमात सांगितलं. काळी माती, पायरी, खोड, जाळं, लाल गाठी.

“झाडाचं खोड होतं रे, रीकेल्त. जुन्या रानातलं. पोरं म्हणतात हजारो वर्षांपासून तिथेच उभं आहे. त्याला काय कळतंय रविवार आणि सोमवार! कोणीही गेला असता तरी अडकला असता. तू वडील मंडळात उभा राहा आणि हे सांग. नेलला सांग. तुझं ऐकतील. माझं कोण ऐकतं?”

“कधी बघितलंस?” त्याने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. “रविवारी,” ती म्हणाली. “शब्द मोडला मी. मला काय शिक्षा द्यायची ती दे. मला चर्चच्या दाराबाहेर उभी कर, सगळ्या गावाला माझ्यावर थुंकू दे. पण त्याचं नाव धू. मी तुझ्याकडे दुसरं काही मागितलंय का रे जन्मात?”

तिला वाटलं, झालं, संपलं, हा दगड हलत नाही. तिचा संताप अनावर झाला. “माणूस आहेस की ओंडका? पोटचा पोर तुझा! काळंभोर लाकूड होतं, मी या डोळ्यांनी…”

“फांदी तुटलेली होती,” रीकेल्त म्हणाला.

आल्त्येने त्याच्याकडे पाहिलं. फांदीचं ती एक अक्षर बोलली नव्हती.

रीकेल्त खिडकीकडे बघत नव्हता. तो दाराकडे बघत होता, त्या काळ्या खुंटीकडे, जिच्यावर युरीचं जाकीट होतं. ती खुंटी त्याने स्वतः केली होती, युरी शाळेत जायला लागला त्या हिवाळ्यात. जाळं गमावून आला होता तेव्हा. कुठे गमावलं ते त्याने कोणाला सांगितलं नाही, तिलाही नाही. फक्त एक काळी फांदी घेऊन आला होता, लोखंडासारखी टणक, आणि म्हणाला होता, समुद्राने जाळं घेतलं, बदल्यात खुंटी दिली. तेव्हा ते दोघंही किती हसले होते.

“तुला जागा ठाऊक होती,” ती म्हणाली.

“त्या रविवारी तो जेवायला आला,” रीकेल्त सांगू लागला. आवाज त्याचा नव्हताच जणू. “टेबलावर म्हणाला, बाबा, मी टेकाडाच्या दक्षिण कडेला जातोय. आठवतं तुला? माझ्या जिभेवर आलं होतं, पायरीपाशी जाळं वर घे, खाली झाड आहे. अगदी ओठावर आलं होतं.”

आल्त्येला आठवत होतं. युरीने ते म्हटल्यावर रीकेल्तने काटा खाली ठेवला होता आणि म्हणाला होता, ‘या घरात रविवारी समुद्राचा शब्द निघत नाही.’ युरी ताटावरून उठला होता, आणि ती स्वतः, आई, तीही म्हणाली होती, ‘ऐक बाबांचं.’

“वाटलं, सोमवारी सकाळी वायरलेसवर सांगेन.” रीकेल्तने डोळे खुंटीवरून काढले नाहीत. “मी सोमवारी सांगणारच होतो गं, आल्त्ये.”

दीड वर्ष हा माणूस देवावर सगळा भार टाकून बसला होता, कारण तो भार उचलला असता तर तो खाली दबून मेला असता. हे तिला कळलं. कळून त्याची दया आली, आणि त्याचा गळा धरावासाही वाटला. दोन्ही एकदमच. मग ती दाराशी गेली, युरीचं जाकीट खुंटीवरून काढून हातावर घेतलं आणि रीकेल्तपुढे त्याचा कोट धरला.

“कुठे?”

“नेलकडे.”

“तू सांगशील?” त्याने विचारलं. म्हातारा एकदम लहान पोरासारखा दिसत होता. “माझ्याच्याने नाही व्हायचं.”

“तूच सांगायचंस,” आल्त्ये म्हणाली. “आज बुधवार आहे.”